बीएनएचएसला खुलं पत्र : वही घेऊन आमच्या माळावर या

प्रति,
बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतले सगळे शास्त्रज्ञ, संशोधक, फील्ड असिस्टंट, आणि हरियाणातल्या पिंजोरपासून तामिळनाडूतल्या पॉइंट कॅलिमिअरपर्यंत पक्ष्यांमागं फिरणारे सगळे दादा-ताई,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातला, नान्नजच्या माळापासून फार लांब नाही आमचं गाव. शेती आहे, चार जनावरं आहेत आणि पक्षी बघायचा नाद आहे. आमच्याकडं व्हॉट्सॲपवर ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोचे फोटो दरवर्षी फिरतात, लोक छान छान म्हणतात, पण त्या फोटोमागं कुणाचं काय काम आहे हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. तुमची संस्था मुंबईची, आपल्या महाराष्ट्रातली, आणि काम सगळ्या देशात, तरी तुमच्याबद्दल मराठीत मनापासून लिहिलेलं मला कमीच वाचायला मिळतं. म्हणून हे पत्र. आधी तुमचं कौतुक करायचंय, मनापासून, आणि मग एक मागणं आहे.

१५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि सोसायटी सुरू झाली. हे बरेच जण सांगतात, पण त्या आठांत दोघं आपले होते हे कुणी सांगत नाही. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजवाले, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार. हेच सखाराम अर्जुन डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, ज्यांनी त्या मुलीला शिकवलं आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला, कारण साहेब लोकांनी शिकारीच्या हौसेपायी काढलेला क्लब अशी जी एक समजूत आहे तिला यातून उत्तर मिळतं. सुरुवातीपासून यात इथलं माणूस होतं. १८८६ पासून तुमचं जर्नल निघतंय, दोन महायुद्धं झाली, देश स्वतंत्र झाला, जर्नल चालूच.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते गिधाडांवर.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यापलीकडं मेलेलं जनावर ओढून टाकायची जागा होती. अजून आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक सांगतात की बैल टाकला की आधी आभाळात एक ठिपका दिसायचा, मग चार, मग बघता बघता सगळं आभाळ, आणि तासाभरात नुसता सांगाडा. वास यायच्या आत काम संपलेलं. हाडं नंतर गोळा करून न्यायला माणूस यायचा. आता तिथं जनावर टाकलं की चार-पाच दिवस पडून राहतं, कुत्री ओढत राहतात, आणि ती कुत्री गावातच फिरतात, पोरं शाळेला जातात त्या वाटेवर. रेबीजचं इंजेक्शन घ्यायला तालुक्याला पळणारी माणसं मी बघितलीत. गिधाड गेलं म्हणजे काय गेलं हे आम्हाला कुठल्या अहवालात वाचायची गरज नाही. तरी एक अभ्यास सांगतो, कारण तो ऐकून मी हादरलो. गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात साधारण ५ लाख माणसं जादा मेली असावीत असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी काढलाय, २०२४ मध्ये तो छापून आला.

आणि गिधाडं जातायत हे देशाला सांगितलं कुणी? तुमच्या डॉ. विभू प्रकाश यांनी. भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्यांनी ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या जोड्या मोजून ठेवल्या होत्या, साडेतीनशेच्या आसपास. तेव्हा गिधाड म्हणजे पैशाला पासरी, ते कोण मोजतंय, कशाला मोजतंय असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी मोजलं, लिहून ठेवलं. १९९६ च्या सुमाराला परत मोजलं तर दीडशे. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वीस-पंचवीसवर आली. झाडावर मान खाली टाकून बसलेली, मग तिथंच मरून लटकलेली गिधाडं. आता विचार करा, आधीची ती नोंद नसती तर पूर्वी जास्त असायची बुवा एवढंच आपण म्हणत बसलो असतो, जसं चिमण्यांबद्दल म्हणतो. देशातला आकडा नंतर आला तो भयंकर होता, १९९२ ते २००७ मध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. हजारात एक उरलं.

कारण शोधताना आधी सगळ्यांना वाटलं की एखादा व्हायरस असेल. मग पाकिस्तानात काम करणाऱ्या टीमला डायक्लोफेनॅक सापडलं, २००४ ला ते छापून आलं, आणि भारतातल्या गिधाडांतही तेच निघालं. जनावराला दुखण्यावर दिलेलं साधं वेदनाशामक, जनावर दोन दिवसांत मेलं तर औषध अंगातच राहतं, गिधाड ते मांस खातं आणि त्याच्या किडन्या बंद पडतात. त्यातला एक हिशोब मी गावात सगळ्यांना सांगतो. शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात जरी हे औषध असलं तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढं पुरतं. एकच! कारण गिधाडं एका जनावरावर पन्नास-पन्नास उतरतात आणि वर्षाला अंडं घालतात एकच. आणि तुम्ही लोकांनी राज्याराज्यांत फिरून मेलेल्या जनावरांच्या लिव्हरचे तुकडे गोळा केले, तपासले, तर बंदीच्या आधी दहातल्या एकात औषध सापडत होतं. ते तुकडे गोळा करणं हे काम काय असेल याची कल्पना मला आहे, कारण उन्हाळ्यात त्या ओढ्यापलीकडं उभं राहवत नाही. फोटो निघत नाही अशा कामाचा, टाळ्या वाजत नाहीत. मला तरी हे तुमचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

२००६ ला जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोक माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना टोचायला लागले, तर त्यावरही तुमचा आणि इतरांचा पाठपुरावा चालूच, २०१५ ला माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या छोट्या बाटलीतच विकायचं असं ठरलं. २०२३ ला केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही गिधाडांना तशीच घातक वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद. म्हणजे पहिल्या बंदीपासून सतरा वर्षं एकाच गोष्टीच्या मागं लागून राहिलात. तुमची माणसं मेडिकलमध्ये साधं गिऱ्हाईक बनून जायची, म्हैस आजारी आहे काहीतरी द्या म्हणायची आणि दुकानदार काय काढून देतो ते लिहून आणायची. मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधं गिधाडाला चालतात हे आज आपल्याला माहीत आहे ते या सगळ्या खटपटीमुळं.

आणि एकीकडं पिंजोरला, मग बंगालात राजाभातखाव्याला, आसामात राणीला, भोपाळला गिधाडं वाढवणं चालू. हे पाखरू पाच वर्षांचं झाल्याशिवाय अंडं घालत नाही, म्हणजे आज हातात घेतलेल्या पिल्लाचं पिल्लू बघायला किती थांबायचं बघा. त्यातली काही २०२४ मध्ये आपल्याकडं ताडोब्यात आणि पेंचमध्ये आणली, सोडली, त्यातलं एक तर उडत उडत तामिळनाडूत पोचलं. काही पुढं दगावली, त्याचं वाईट वाटलं, पण आभाळात परत सोडायच्या लायकीचं काही शिल्लक आहे हेच मोठं आहे.

आता मला जे म्हणायचंय त्याकडं येतो. तुमचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला परत परत दिसली. तुमची वही आणि गावचा माणूस जिथं एकत्र आले तिथं मोठं काम झालं.

१९८६ चं उदाहरण घ्या. जेर्डनचा धाविक म्हणून पक्षी, रात्रीच फिरणारा, १८४८ मध्ये त्याची पहिली नोंद, १९०० नंतर कुणाला दिसलाच नाही, सगळ्यांनी नामशेष धरला होता. तुमचे भारत भूषण आंध्रात कडप्प्याच्या भागात झुडपी रानात गावोगाव चित्रं दाखवत, विचारत फिरले. आणि तो पक्षी शेवटी धरला कुणी तर ऐतन्ना नावाच्या तिथल्याच माणसानं, रात्री, टॉर्चच्या उजेडात. ८६ वर्षं शास्त्राला न दिसलेला पक्षी त्या माणसाला ओळखू येत होता. सालिम अली तेव्हा नव्वदीला आले होते, ते स्वतः बघायला गेले. पुढं तेलुगू-गंगा कालवा त्या पक्ष्याच्या रानातून जाणार होता तर त्याचाही मार्ग बदलायला लावला.

किंवा तुमचं रिंगिंग घ्या. १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम चाललंय, त्या कड्यांवर सोसायटीला कळवा म्हणून लिहिलेलं असतं. पक्षी पकडून कोण देत होतं? बिहारचे मीरशिकार, पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरून पोट भरणारे लोक. अली हुसेन यांच्यासारख्या माणसाची कला तुम्ही ओळखलीत, त्यांना सन्मानानं कामावर घेतलंत. आम्ही रामेश्वरला जाताना वाट वाकडी करून पॉइंट कॅलिमिअरला गेलो होतो तिथं मी हे काम जवळून बघितलं. कापडी पिशवीतून छोटा टिलवा काढला, मुठीत मावेल एवढं पाखरू, वजन पंचवीस ग्रॅमसुद्धा नाही, सायबेरियाच्या टोकाकडनं आलेलं. त्या माणसानं त्याचे पाय दोन बोटांत धरले, पट्टीवर पंख मोजला, चोच मोजली, मग पक्कडीनं कडी मिटवली, सोनार तान्ह्या बाळाला वाळी घालताना जपतो तेवढं जपून. नंबर त्यानं मोठ्यानं वाचला, लिहिणाऱ्या मुलीनं परत वाचून दाखवला, त्यानं मान हलवली, मगच सोडलं. भर्रकन गेलं पाण्याच्या दिशेनं. सगळं मिनिटा-दोन मिनिटांत, आणि लगेच पुढची पिशवी. नंबर दोनदा वाचायचा तो नियम मला फार आवडला.

नागालँडचं तर सगळ्या जगानं ऐकलं. २०१२ ला दोयांग धरणाजवळ जाळ्यात धरून अमूर ससाणे मारले जात होते, लाखाच्या वर, आणि पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी स्वतः ठरवून ते थांबवलं. त्यात बऱ्याच संस्था होत्या, तिथलं चर्च होतं, ग्रामसभा होत्या, तुम्हीही होतात. गावाला गुन्हेगार न ठरवता गावाशी बोललं गेलं म्हणून झालं ते.

ठाणे खाडीचं थोडक्यात सांगतो, शहरातले लोक त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. २०१५ ला अभयारण्य, २०२२ ला रामसर दर्जा, म्हणजे जगाच्या दृष्टीनं महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान, आणि त्याच वर्षी तुमचा टॅग लावलेला हुमायूँ नावाचा फ्लेमिंगो खाडीतून उठून थेट भावनगरकडं गेला. म्हणजे मुंबईचं पाणी आणि गुजरातचं पाणी एकाच पक्ष्याचं घर आहे हे मॅपवर दिसलं. एवढं दिसत असून नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर भराव टाकायचं सुचतं कसं, असो.

आता आमच्या माळाबद्दल.

माळढोक, हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी, राष्ट्रीय पक्षी व्हावा असं सालिम अलींचं मत होतं, १९६३ ला मान मिळाला मोराला. मोराला मिळाला त्याबद्दल आमची तक्रार नाही, पण माळढोकाला तो मान मिळाला असता तर माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत इतकी पक्की झाली नसती असं मला राहून राहून वाटतं. १९७९ ला नान्नजचं अभयारण्य झालं. ऐंशीच्या दशकात तुमचे डॉ. असद रहमानी माळढोकावर काम करत होते, नान्नजलाही आणि मध्य प्रदेशात करेऱ्यालाही. पण इथलं अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं. जमिनीचे व्यवहार अडकले, विहिरीला परवानगी अडकली, आणि माणसं त्या पाखरावर चिडली. पुढं क्षेत्र कमी होऊन बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आलं, पण तोवर चीड बसली ती बसलीच. करेऱ्यात तर माळढोक नव्वदच्या दशकात पार संपला. आमच्याकडं आता एखादा दिसला तरी पेपरात बातमी होते.

मी कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण बघा ना, जिथं गावाला विचारलं तिथं हरवलेला धाविक सापडला, ससाणे वाचले, आणि जिथं गावावर वरनं आदेश आला तिथं पाखरू गेलं. हे तुमच्याच कामातून शिकलोय मी. म्हणून मागणं हे, की आमच्या माळावर या आणि आम्हाला मोजायला शिकवा. एखादा संशोधक दोन-तीन वर्षं येऊन जातो, प्रोजेक्ट संपला की जातो, पैसे संपले की काम थांबतं, हे आम्हालाही कळतं. पण आम्ही इथंच आहोत, आम्ही कुठं जाणार. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना तुम्ही देशभर लोकांना घेऊन करता, उजनीला भिगवणला पट्टकदंब बघायला केवढी गर्दी होते. तशी माळाची मोजणी आमच्यासारख्यांच्या हातात द्या. धाविक, चंडोल, रानलावा, खोकड, काळवीट, लांडगा, सगळं. मेंढपाळ रोज दहा-दहा किलोमीटर या माळावरनं चालतात, त्यांच्याएवढं माळ कुणी बघत नाही, त्यांना विचारून यादी करा. फॉर्म मराठीत हवा, सोपा हवा, आणि मोजायची पद्धत दरवर्षी तीच हवी, नाहीतर पाच वर्षांनी आकड्याला आकडा जुळणार नाही. ती शिस्त तुमच्याकडं आहे, आमच्याकडं पाय आहेत आणि वेळ आहे.

आणि येताना औषधांचंही घेऊन या. आमच्या भागात एका दुकानात अजूनही जनावर लंगडतंय म्हटलं की काय दिलं हे बिलावर येत नाही, नुसती सुई भरून मिळते. शेतकऱ्याला डायक्लोफेनॅक आणि मेलोक्सिकॅममधला फरक कुणी सांगितलेला नाही, त्याला म्हैस उठून उभी राहिली म्हणजे झालं, त्यात त्याची काही चूक नाही. कुठलं औषध मागायचं आणि कुठलं नाही एवढं मोठ्या अक्षरात लिहिलेला एक कागद, दूध डेअरीवर लावायचा, जनावरांच्या दवाखान्यात लावायचा, शेळ्यांच्या बाजारात लावायचा. गिधाडांच्या घरट्यांभोवती शंभर किलोमीटरचा सेफ झोन, म्हणजे असली घातक औषधं नसलेला पट्टा, करतात तसं ऐकलंय. आमच्याकडं आज घरटी नाहीत, मान्य आहे. पण ताडोब्याचं गिधाड तामिळनाडूला जाऊ शकतं तर सोलापूर काय लांब आहे त्याला, ते वाटेत आमच्या ओढ्यापलीकडं उतरलं तर तिथलं जनावर खायला सुरक्षित असायला पाहिजे.

विजेच्या तारांचं पण बोलायचंय तुमच्याशी, माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि तो जड पक्षी वेळेवर वळू शकत नाही, आणि आमच्याकडं पवनचक्क्या आणि सोलरवाले जागा बघत फिरतायत. ते समोरासमोर बोलू.

पाऊस संपल्यावर, गवत पिवळं पडायला लागतं तेव्हा या. ज्वारीची पेरणी झालेली असते, लोकांना जरा सवड असते. राहायची-जेवायची सोय गावात होईल. मेंढपाळांना, डेअरीच्या चेअरमनना, जनावरांच्या डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना एका ठिकाणी बसवायचं माझ्याकडं लागलं, शाळेचा हॉल मिळेल. तुम्ही फक्त वही, दुर्बिणी आणि शिकवणारं एक माणूस पाठवा, शक्यतो मराठी बोलणारं.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
नान्नज परिसरातला एक शेतकरी